कॉम्प्युटर अचानक बंद पडतो: दोष एसएमपीएसचा की उष्णतेचा?

चालता चालता कॉम्प्युटर धाडकन बंद पडला की दुरुस्तीवाला बहुधा दोनपैकी एक सांगतो: "एसएमपीएस गेलाय" किंवा "गरम होतोय, सर्व्हिसिंग करावं लागेल." एसएमपीएस म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा. बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसतात. स्क्रीन काळी, पंखे बंद, एरर कसलाच नाही. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. निदान चुकलं तर नवा एसएमपीएस बसवूनही मशीन बंद पडतच राहतं, आणि पैसे गेले ते गेलेच.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरवर, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीवर, इथे विसंबू नका. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि त्यातला 'पॉवर' शब्द वाचून लोक थेट एसएमपीएस बदलायला निघतात. मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. उष्णतेने बंद पडलं तरी हीच नोंद येते.

खरी खूण वेळेत आहे. उष्णता चढायला वेळ लागतो आणि उतरायलाही. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू करून दहा-वीस मिनिटं झाली की मशीन बंद, लगेच चालू केलं तर त्याहून लवकर पुन्हा बंद, पण अर्धा तास थांबून चालू केलं की व्यवस्थित: असं होत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. बंद पडण्याआधी मशीन बहुतेक वेळा रखडायला लागतं, कारण प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांत ९५. वेग उतरवूनही तापमान चढतच राहिलं, तर शेवटी मशीन बंद केलं जातं.

एसएमपीएस अशी पूर्वसूचना क्वचितच देतो. गेमचं लोडिंग संपतं, ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त वीज ओढतं आणि त्याच सेकंदाला सगळं बंद. प्रोसेसरचं तापमान तेव्हा जेमतेम ५०-६० अंश असतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारखं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून बंद पडण्याआधीचा आकडा बघणं ही पहिली तपासणी. एक अपवाद लक्षात ठेवा: प्रोसेसरवरचा इंटेलचा कूलर मदरबोर्डला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एखादी सुटली असेल तर मशीन चालू केल्यावर मिनिटभरातच तापमान नव्वदीत जातं. तिथे 'उष्णता हळूहळू चढते' हा नियम लागू पडत नाही.

थंडीच्या दिवसांत आणखी एक लक्षण दिसतं. सकाळी मशीन पहिल्यांदा चालूच होत नाही, चार-पाचदा बटण दाबावं लागतं, पण एकदा सुरू झालं की दिवसभर तक्रार नाही. उष्णतेचा दोष असता तर उलट झालं असतं. इथे संशयित आहेत म्हातारे झालेले कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग. त्यांचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढतो आणि थंडीत आणखी वाढतो. थोडे तापले की ते निभावून नेतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर टॉर्च मारून बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वरच्या खाचेतून तपकिरी द्रव येऊन वाळला असेल तर चोर सापडला. आणि इथेच हे दोन दोष एकमेकांत मिसळतात: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर्षानुवर्षं धुळीने कोंडलेलं कॅबिनेट शेवटी विजेचा दोष जन्माला घालतं. माझ्या मते म्हणूनच सफाईला कमी लेखू नये.

सफाई करताना नुसता वरून ब्लोअर मारून भागत नाही. कूलरचा पंखा काढा. त्याच्याखाली हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीचा जो थर बसलेला असतो तो बाहेरून दिसतच नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हीटसिंक उचलल्यावर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट खडूच्या भुकटीसारखी निघाली तर जुनी पुसून नवी लावा.

विजेच्या बाजूने तपासायचं तर मल्टीमीटर घ्या. चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, तेही मशीनवर भार असताना. मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरची हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस नुसता फिरतो का हे बघणं पुरेसं नाही. बिनभाराचा तर दुबळाही फिरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो.

लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू होतो, पण कॉम्प्युटर तेवढा रिस्टार्ट होतो, ही तक्रार निराळी. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडमधल्या इन्व्हर्टरला सूत्रं हाती घ्यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चा खटका असतो, तो आधी लावून बघा. त्यानंतरही तेच होत राहिलं तर एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर उतरला असण्याची शक्यता धरून दुसरा एसएमपीएस जोडून बघावा.