हत्ताजोडी: मुळीच्या नावाखाली घोरपड

पूजासाहित्यात 'हत्ताजोडी' म्हणून एक दुर्मीळ मुळी विकली जाते. जोडलेल्या हातांसारखी दिसते, शेंदरात ठेवलेली असते आणि घरात ठेवली की धनलाभ होतो, असं विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात तो नर घोरपडीचा वाळवलेला जननावयव असतो. म्हणजे प्रत्येक जोडीमागे एक घोरपड मेलेली असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, घोरपड आहे. गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

अडतं ते सिद्ध करण्यापाशी. पुण्यातल्या एखाद्या दुकानात माल सापडला की पंचनाम्यात तो नेमका कुठे होता हे यायलाच हवं: गल्ल्याच्या खणात, की कोणाच्या पिशवीत. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार ताबा सिद्ध झाला, तर तो कायदेशीर असल्याचं आरोपीला दाखवावं लागतं. पण 'दुकानातून जप्त' एवढंच लिहिलं की ताबाच डळमळतो.

माल खरंच घोरपडीचा आहे हे डीएनए चाचणीतून ठरतं. तिच्यासाठी नमुना घेताना हात लागलेला पृष्ठभाग सोडून आतला भाग घ्यावा, नाहीतर चाचणीत माणसाचाच डीएनए येऊ शकतो. वाळलेला तुकडा कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी धरते. फॉर्मॅलिन तर नकोच, त्यात डीएनए खराब होतो. पाकिटावरच्या लाखेच्या मोहोरेचा ठसा पंचनाम्यावर आणि प्रयोगशाळेच्या पत्रावरही हवा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या घटकातल्या जनुकांवरून प्रजाती ओळखता येते. बाजारात प्लास्टिकच्या नकलाही आहेत. एक्स-रेमध्ये आतले हाडासारखे भाग दिसले तर संशय बळावतो, मात्र न्यायालयात भक्कम पुरावा डीएनए अहवालाचाच. नक्कल निघाली तर तो वन्यजीव गुन्हा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

शहरात माल बऱ्याचदा पोलिसांच्या हाती लागतो, आणि इथेच मोठी चूक होते. कलम ५५ प्रमाणे या कायद्याखालचा खटला नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाही. अधिकृत वनाधिकाऱ्याने न्यायालयात स्वतंत्र तक्रार दाखल करावी लागते. म्हणून मुद्देमाल वनविभागाकडे लगेच गेला पाहिजे. कलम ५० (८) खालचा जबाबही अधिकार दिलेल्या सहायक वनसंरक्षकाने किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा, तोही आरोपीसमोर.

हत्ताजोडी विकताना दिसली तर पुरावा म्हणून विकत घेऊ नका. ती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. जागा आणि वेळ नोंदवून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.