एएचपी माणसाला विचारते, टॉप्सिस तक्त्याला

नोकरी पणजीला, मग भाड्याचं घर कुठे घ्यायचं? म्हापशाचं घर 13 किलोमीटरवर, पण भाडं चढं. फोंड्याचं तीसेक किलोमीटरवर आणि सगळ्यांत स्वस्त. मडगावचं त्याहून जरा लांब, पण आवारात बारमाही विहीर. अशा पेचात निकष तोलून पर्याय निवडायच्या दोन पद्धतींची, एएचपी आणि टॉप्सिस ही नावं एका दमात घेतली जातात, जणू कुठलीही वापरली तरी चालेल.

एएचपी थॉमस साटी यांनी 1970च्या दशकात मांडली. ती निकषांच्या जोड्या लावून विचारते: यातलं महत्त्वाचं काय, आणि किती पट? उत्तर 1 ते 9 मध्ये द्यायचं. समजा घरात ठरलं की भाडं अंतराच्या 3 पट महत्त्वाचं आणि अंतर पाण्याच्या 2 पट. हिशेबाने भाडं पाण्याच्या 6 पट व्हायला हवं. पण थेट विचारलं की तोंडून येतं, "दुप्पट असेल." मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार! इथे विसंगतीचं गुणोत्तर, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळत नाहीत त्याचं माप, साधारण 0.12 येतं. साटींनी घातलेली मर्यादा 0.10, म्हणजे पुन्हा बसून बोला. मला तर या पद्धतीची खरी कमाई ही वादावादीच वाटते. 6 वर एकमत झालं, तर भाडं, अंतर आणि पाणी यांची वजनं निघतात 67, 22 आणि 11 टक्के.

ह्वांग आणि युन यांची 1981ची टॉप्सिस हे काहीच विचारत नाही. वजनं तुम्हीच आणून द्यायची. बरेच जण ती एएचपीतूनच आणतात. घरं आणि निकष यांच्या तक्त्यातले रुपये आणि किलोमीटर एका मापावर आणून टॉप्सिस दोन काल्पनिक घरं उभी करते. एकात फोंड्याचं भाडं, म्हापशाचं अंतर आणि मडगावची विहीर. दुसऱ्यात सगळं वाईट तेवढं. पहिल्याच्या जवळ आणि दुसऱ्यापासून दूर कोण, यावर 0 ते 1 गुण.

खोड दोघींतही आहे. कोणी घेणारच नाही असं काणकोणचं घर यादीत टाकलं, तरी वरच्या दोघांचा क्रम कधीकधी उलटतो. एएचपीबाबत हे बेल्टन आणि गिअर यांनी 1983 मध्ये दाखवलं. शिवाय दोन्हींत स्वस्त भाडं कोरड्या नळाची भरपाई करून जातं. पाण्याशिवाय चालणारच नसेल, तर ते घर तक्ता मांडण्याआधीच खोडा.