किमान निर्यात मूल्य

किमान निर्यात मूल्य (एमईपी) : ज्या किमतीच्या खाली एखादा माल परदेशी विकता येत नाही, अशी सरकारने ठरवलेली किंमत. ती दर टनामागे अमेरिकी डॉलरमध्ये सांगतात. बोटीत चढवलेल्या मालाची (एफओबी) ही किंमत असते. पुढचे जहाजभाडे व विमा तीत धरत नाहीत. भारतात विदेशी व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ खाली विदेश व्यापार महासंचालनालय तशी अधिसूचना काढते. हमीभावाशी हिची गल्लत करू नये. हमीभाव शेतकऱ्याला आधार म्हणून असतो. ही किंमत मात्र माल देशातच अडकवून बाजारभाव खाली आणते.

मूळ हेतूविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ही परकीय चलन नियंत्रणाच्या काळातील तरतूद होय. निर्यातदार बिलात कमी किंमत दाखवून उरलेले डॉलर बाहेरच ठेवत. त्याला आळा घालणे आणि भारतीय व्यापाऱ्यांनी एकमेकांचे भाव पाडू नयेत हे पाहणे, असा तिचा उद्देश होता. दुसऱ्या मतानुसार देशांतर्गत पुरवठा राखणे हाच प्रथमपासूनचा हेतू आहे. कांद्याच्या निर्यातीचे नियमन पूर्वी नाफेड (राष्ट्रीय कृषी सहकारी पणन महासंघ) व इतर नेमलेल्या संस्थांमार्फत होई आणि किमान दरही त्या चौकटीत ठरत. हे लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. आजचा वापर मात्र जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रकारचा आहे.

या उपायाची आर्थिक घडण निर्यात शुल्कापेक्षा वेगळी आहे. शुल्काची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. किमान मूल्यातून सरकारला एक रुपयाही मिळत नाही. ते जागतिक भावाच्या खाली असेल तर निरुपयोगी ठरते. बरेच वर असेल तर निर्यातबंदीच होते, फक्त बंदी हा शब्द टळतो. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बिलावर जास्त किंमत दाखवून फरक परदेशी ग्राहकाला मागच्या दाराने परत करण्याचा मोह होतो. म्हणजे किंमत कमी दाखवू नये म्हणून आलेली तरतूद आता ती वाढवून दाखवायला लावते. सोबत टक्केवारीचे शुल्कही असेल तर ते या दाखवलेल्या किमतीवर बसते. ४ मे २०२४ रोजी कांदा निर्यात खुली करताना ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क एकत्र लावले गेले. शुल्कच किमान २२० डॉलर झाल्याने टनाचा हिशेब ७७० डॉलरवर, किलोला सुमारे ६४ रुपयांवर गेला.

तांदळाच्या बाबतीत क्रम विशेष स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर २००७ मध्ये बासमतीखेरीज इतर तांदळाची निर्यात बंद झाली. महिनाअखेरीस बंदीच्या जागी ४२५ डॉलरचे किमान मूल्य आले. पुढे ते ५००, ६५० असे चढत मार्च २००८ च्या शेवटी १,००० डॉलर झाले आणि १ एप्रिलला पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये बासमतीला १,२०० डॉलरची अट लागली. साधा तांदूळ बासमतीच्या नावाखाली जाऊ नये, हे कारण होते. परंतु बासमतीतलेही स्वस्त वाण तीत अडकले. ऑक्टोबरमध्ये मर्यादा ९५० डॉलरवर आणावी लागली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये ती उठली.

नाशिक पट्ट्यात ‘एमईपी’ हा शब्द थेट तसाच बोलला जातो. २० डिसेंबर २०१० रोजी कांद्याचे मूल्य १,२०० डॉलर केले आणि दोनच दिवसांत निर्यात बंद झाली. ऑक्टोबर २०२३ अखेरचे ८०० डॉलर ८ डिसेंबरच्या बंदीपर्यंतच टिकले. डिसेंबरात बाजारात खरीप लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्याप्रमाणे तो साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबण्याची सोय शेतकऱ्याला नसते. दर किती ठरला यापेक्षा तो कोणत्या आठवड्यात बदलला, हे लिलावाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. आदेश निघाला तेव्हा वाटेत किंवा बंदरात असलेल्या कंटेनरांचा प्रश्नही दरवेळी उभा राहतो. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात गॅट (जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार) कराराचे ११ वे कलम शुल्काखेरीज इतर निर्यात-निर्बंधांना मनाई करते. किमान किंमत अशा निर्बंधात मोडते का, हा वाद जपानी सेमीकंडक्टरच्या प्रकरणात आला. १९८८ मध्ये गॅटच्या तंटा-निवारण पॅनेलने ठराविक किमतीखालील निर्यात रोखणे या कलमात बसते असे ठरवले. त्याआधी १९७८ मध्ये युरोपीय समुदायाच्या किमान आयात किमतींविषयीही तसाच निष्कर्ष निघाला होता. अन्नपदार्थांच्या गंभीर टंचाईसाठी तात्पुरत्या निर्बंधांना त्याच कलमात सूट आहे. ती कांद्याला लागू होते का, यावर वकिली युक्तिवाद दोन्ही बाजूंनी करता येईल. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या १२ व्या कलमानुसार असे निर्बंध आधी कळवायचे असतात. विकसनशील देशांना यातून सवलत आहे. ज्या अन्नपदार्थाचा तो देश निव्वळ निर्यातदार आहे त्यापुरती मात्र ती नाही.

कांदा व तांदळाखेरीज बटाट्यावरही जून २०१४ मध्ये ४५० डॉलरची अट लावली होती.