जुन्या गाड्या उभ्या करणे (मराठवाडा)

गोठ्यात, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) किंवा वाड्याच्या ढाळजेत (दाराजवळच्या ओसरीत) वर्षानुवर्षे बंद पडलेली मोटारसायकल, स्कूटर वा मोटार पूर्ण खोलून, दुरुस्त करून मूळ रूपात चालती करण्याचा छंद. बोलण्यात याला 'गाडी उभी करणे' किंवा 'गाडी बनवणे' म्हणतात. गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत मोकळे करायचे असते. छंदी माणूस एका मूळ टूलबॉक्सच्या झाकणासाठी सहा महिने थांबतो. फरक इथे पडतो. मिस्तरीने दहा वर्षांपूर्वी केलेला जुगाड उपसून काढणे हा या छंदातला निम्मा उद्योग असतो.

गाड्या

या भागात सापडतात त्या बहुतेक शेतकऱ्याच्या, दूधवाल्याच्या आणि मास्तरांच्या गाड्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा आणि येझदी (कारखाना १९९६ मध्ये बंद पडला), एस्कॉर्ट्सची राजदूत १७५, भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १००, बुलेट ३५०, १९७२ पासूनची बजाज चेतक, एम ८० आणि लुना. संस्थानी काळातल्या विलायती मोटारी मोजक्या. चारचाकीत प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, महिंद्रा जीप आणि अलीकडे पहिल्या मारुती ८००.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात सुटे भाग करणारे अनेक लहान कारखाने वाढले. छंदाला त्याचा फायदा असा, की न मिळणारा बुश, शाफ्ट किंवा स्पेसर नमुना दाखवून लेथवर करून घेता येतो आणि पावडर कोटिंगही जवळच होते. मूळ सुट्या भागांसाठी मात्र पुण्याची नाना पेठ, हैदराबाद-सिकंदराबादचे राणीगंज किंवा दिल्लीचे करोल बाग गाठावे लागते. नांदेड, लातूरकडच्या लोकांना राणीगंज सोयीचे. पूर्ण गाडी मिळेलच असे नाही. जुने इंजिन कोळप्याला किंवा फवारणीच्या पंपाला जोडून टाकण्याची रीत इथे असल्याने एका शेतात चेसिस, दुसऱ्या शेतात इंजिन असा प्रकार नेहमीचा.

हवा, माती आणि पाणी

कोकणातली गाडी पत्र्याने मरते, मराठवाड्यातली रबराने. इथल्या कोरड्या हवेत चेसिस, मडगार्ड आणि टाकीचा बाहेरचा पत्रा तीस-तीस वर्षे टिकतो. पण चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यांत ऑइल सील कडक होतात, कार्बोरेटरचा रबरी जोड तडकतो, टायरला भेगा पडतात आणि टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल वाळून त्याचा लाखेसारखा थर होतो. काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत जाते व बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) पॉलिश पेपरसारखा घासते. म्हणून बाहेरून देखणी दिसणारी गाडी आतून संपलेली निघते, आणि विकत घेताना नवखा माणूस इथेच फसतो.

कोरड्या हवेला अपवाद गोठ्याचा. गोमूत्राची वाफ ॲल्युमिनियमच्या आवरणांवर पांढरी पूड आणते व कार्बोरेटरचे पितळी जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकांची तोटी) हिरवे पाडते. शेजारी खताची पोती असतील तर खत ओल धरते आणि पोत्याला टेकलेली बाजू तेवढी गंजून चाळण होते. उंदीर वायरिंग खातात. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत मातीची घरे करते. किक मारून 'कॉम्प्रेशन फार आहे' असे वाटले तर आधी सायलेन्सरमध्ये तार घालून बघावे.

चारचाकीचा शत्रू बोअरवेलचे पाणी. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आणि इंजिन ब्लॉकमधली पाण्याची वाट बुजते. नवा रेडिएटर टाकूनही पद्मिनी तापत असेल, तर वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचे) काढून ब्लॉकच्या आतला चिखल तारेने खरवडून काढणे हाच इलाज. नंतर फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

आधी कागद

गाडीचा सौदा इंजिनावरून नव्हे, आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) करावा. चेसिस व इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावा आणि आरसीशी ताडून पाहावा. आकडे वाकडेतिकडे, खोलीत कमीजास्त किंवा आजूबाजूचा धातू ग्राइंडरने घासलेला दिसला तर गाडी सोडून द्यावी. हरवलेल्या आरसीच्या दुसऱ्या प्रतीसाठी नमुना २६, दुसऱ्या कार्यालयाच्या ना-हरकतीसाठी २८, नावावर करण्यासाठी २९ व ३० लागतात. मूळ मालक वारला असेल तर वारसांची संमती गाडी आणण्याआधीच घ्यावी. गाडी चमकू लागली की पुतण्यांना आठवण येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी नमुना २५ वर नूतनीकरण व पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली खासगी दुचाकी वा चारचाकी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे व देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात जायचे असेल तर ही नोंदणी कामाची नाही. आणि ज्या आरएक्स १०० साठी सर्वांचा जीव तुटतो, तिची पहिलीवहिली गाडीसुद्धा या व्याख्येत २०३५ मध्येच बसेल.

जाम इंजिन

बंद गाडीला पहिली किक मारणे ही सर्वांत महागडी चूक. पिस्टन गंजाने धरलेला असतो आणि जोर केल्यास किकच्या गराऱ्यांचे दात जातात. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल, किंवा एसीटोन व गिअरचे पातळ एटीएफ तेल निम्मे-निम्मे मिसळून, ५० मिलि ओतावे. चार ते आठ दिवस ठेवावे, रोज थोडी भर घालावी. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने मागेपुढे हलवावे. एक मिलिमीटर हलले की काम झाले. तरीही दाद दिली नाही तर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) काढून पिस्टनवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने ठोकावे. पिस्टनच्या डोक्यावर थेट लोखंड लावू नये.

सिलिंडर निघाला की बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावा. येझदी-जावाचा मूळ बोअर ६५ मिमी व स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. आरएक्स १०० चा ५० × ५०. चेतकचा ५७ × ५७. बुलेट ३५० चा ७० × ९०. झिजलेल्या बोअरसाठी मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन सहसा ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मिमी अशा टप्प्यांत मिळतात. आधी पिस्टन विकत घ्यावा, मग तोच पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापाने बोरिंग-होनिंग (बोअर वाढवून गुळगुळीत करणे) करून घ्यावे. उलटे केले की 'बसेल, बसेल' म्हणत बसवलेला पिस्टन पहिल्या तासात धरतो, म्हणजे बोअरमध्ये जाम होतो. पिस्टनभोवतीच्या रिंगच्या टोकांमधली फट बोअरच्या दर २५ मिमीमागे साधारण ०.१ मिमी, रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने पाहावी. येझदी, राजदूत, आरएक्स १००, चेतक अशा टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये रिंगचे तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवरच यायला हवे, नाहीतर ते पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून तुटते. होनिंगनंतर पोर्टच्या धारा हलक्या मारून घेणे बरेच लेथवाले विसरतात.

टू-स्ट्रोक खोललीच आहे तर क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदलावेत, चांगले दिसले तरीही. मॅग्नेट बाजूचा सील हवा ओढू लागला की मिश्रण पातळ होते, रेस आपोआप चढते, ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली येत नाही, आणि शेवटी पिस्टन वितळतो. क्लच बाजूचा गेला तर गिअरचे तेल जळून पांढरा धूर थांबत नाही. लोक हा धूर रिंग गेल्याचा समजून दुसऱ्यांदा बोरिंग करतात. कनेक्टिंग किट (पिस्टन व क्रँक जोडणारा दांडा, पिन, बेअरिंग) घातल्यावर क्रँक व्ही-ब्लॉकवर डायल गेजने सरळ करून घ्यावा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त हेलकावा असेल तर हँडलला झिणझिण्या येतात व नवे बेअरिंग लवकर जातात.

येझदी-जावात किक आणि गिअरचा दांडा एकच. त्याचे दाते झिजून किक घसरू लागली की गावाकडे दांडा शाफ्टला वेल्ड करतात. गाडी चालते, पण क्लचचे कव्हर पुन्हा निघत नाही. अशा गाडीत दांडा कापून शाफ्टसह नवा घालण्याचा खर्च सौद्यातच धरावा.

बुलेटचे दुखणे वेगळे. बरीच वर्षे उभ्या गाडीत तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते आणि सुरू करताच ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) पिचकारी उडते. आधी तळाचा ड्रेन खोलून सारे तेल काढावे, गाळण्या धुवाव्यात, नवे तेल भरून प्लग काढून किक मारत राहावे. हेडकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तिथे तेल आलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) जुळवणी थंड इंजिनावर करावी. रॉड बोटांनी सहज फिरावा, वरखाली मात्र हलू नये.

टाकी, कार्बोरेटर, पेट्रोल

टाकीतला गंज काढायला बाजारचे तेजाब वापरण्याची सवय वाईट. पत्रा खाल्ला जातो आणि धुतल्यावर तासाभरात पिवळा गंज परत येतो. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, पुरते. १० लिटरच्या टाकीला ८०० ग्रॅम ते १ किलो, कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरावे, १२ ते २४ तास ठेवावे, मधे मूठभर नटबोल्ट घालून हलवावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच हवेच्या झोताने सुकवावे आणि आतून टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल फिरवून घ्यावे. नटबोल्ट मोजून घालावेत. एक कमी निघाला तर तो नेमका कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो.

जेट तारेने टोकरू नये, भोक मोठे होते. नायलॉनचा धागा किंवा हवा पुरते. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. ज्या उसावर मराठवाडा पाण्यासाठी भांडतो, तोच असा टाकीत उतरतो. जुने रबर आणि बुचाचे वॉशर या पेट्रोलात फुगतात वा विरघळतात, आणि हवेतली ओल शोषून टाकीच्या तळाशी पाणी साचते. व्हिटॉनची (पेट्रोलात न फुगणाऱ्या रबराची) नळी व सील घालावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

सायलेन्सर गोवऱ्यांच्या आगीत जाळून काजळी काढण्याची जुनी पद्धत अजून चालते. काजळी जाते, तशी क्रोमची चकाकीही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दिवसभर बुडवलेला बरा. हातमोजे घालावेत, आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात कधीही टाकू नये.

वीज आणि रंग

येझदी, राजदूत, जुनी बुलेट यांत ठिणगीची वेळ साधणारा पॉइंट-कंडेन्सर असतो. पॉइंटची फट ०.४ मिमीच्या आसपास, प्लगची ०.६. पॉइंटवर निळी मोठी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टची करून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारे आणि तसे करणे पाप मानणारे, असे दोन पंथ आहेत. रोज चालवायची गाडी असेल तर पहिल्यांचे खरे. मात्र जुने भाग फेकू नयेत, डब्यात घालून ठेवावेत.

रंग फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी मारावा. मे महिन्याच्या दुपारी थिनर फवाऱ्यातच उडते आणि टाकीला संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. तेव्हा सावकाश वाळणारे थिनर वापरावे. पावसाळ्यात रंगावर पांढरट झाक येते. जमिनीवर आधी पाणी शिंपडल्यास धूळ बसते. टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरने न करता पेंटरच्या हातून ओढून घेतल्या तर गाडीचे मोल वाढते, पण असे हात आता थोडे उरले आहेत.

चालवून बसवणे

नवा पिस्टन पहिले ५०० किमी हळू चालवून बसवावा लागतो. वेग ४० ते ५० किमी, तोही एकसारखा नव्हे, आणि दर १५-२० किमीला विश्रांती. पेट्रोलमध्ये तेल मिसळायच्या गाड्यांत येझदीला लिटरमागे ४० मिलि, चेतकला २० मिलि. बसवण्याच्या काळात थोडे जास्त. पन्नास किलोमीटरनंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळावेत. प्लग चहाच्या रंगाचा निघाला तर मिश्रण बरोबर; पांढरा व कोरडा असेल तर हवा जास्त, लगेच थांबावे.

टू-स्ट्रोक गाड्या जास्त करून धरतात (इंजिन जाम होते) त्या दोन ठिकाणी. एक, जालना रस्त्यासारख्या सरळ चौपदरीवर, भर उन्हात पूर्ण मूठ पिळून. दुसरे, कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात. उतारावर मूठ बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली की चाक इंजिन फिरवत राहते. पण तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने त्या वेळी पिस्टनला तेल मिळत नाही. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी पिळावी.