म्हादईचे खेकडे: वर ओढ्यातले, खाली खाडीतले

म्हादई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. मुखाजवळच, दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1966 साली सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांनी उमेदीच्या वर्षांत कोळंबीवर काम केलं. पाण्याचा खारेपणा बदलला तरी कोळंबी अंगातलं मीठ कसं सांभाळते, हा त्यांचा विषय. कोळंबी-खेकड्यांचा कुठलाही अभ्यासक पुढे मत्स्यव्यवसायाकडे वळला, तरी पाण्याचा हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. जीव कुठल्या पाण्यात जन्मतो, कुठल्या पाण्यात वाढतो आणि माणूस त्याला कधी धरतो, हे कळल्याशिवाय किती धरावेत हे सांगता येत नाही.

खाडीतली चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. एका मादीची अंडी लाखांत असतात. त्यातून निघालेल्या अळ्या तीन-चार आठवडे खाऱ्या पाण्यात तरंगतात, अनेकदा कात टाकतात आणि मग किनाऱ्याकडे वळतात. बहुतेक मरतात, पण प्रवाह उरलेल्यांना दूरवर पसरवतो. एका खाडीत उपसा जास्त झाला तरी दुसरीकडची पिल्लं तिथे येऊ शकतात.

खानापूर-कणकुंबीच्या ओढ्यातल्या खेकड्याला ही सोय नाही. त्याला तरंगणारी अळी नसतेच. अंडी मोठी, पण शेकड्यांतच. अंड्यातून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. पावसाच्या तोंडावर अशा माद्या बाहेर दिसतात. नेमक्या त्याच सुमारास गावोगाव रात्री बॅटऱ्या घेऊन खेकडे धरले जातात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. डोंगरातल्या ओढ्याला अशी सुट्टी नाही. म्हादईच्या ओढ्यात खेकडे संपले तर शेजारच्या मलप्रभा नदीच्या ओढ्यातून ते सहज येणार नाहीत, मधला डोंगर त्यांना चालत ओलांडावा लागेल. मला यातली खरी काळजीची गोष्ट हीच वाटते.

अशा ओढ्याचा अभ्यास करायचा तर निदान बारा महिने, दर महिन्याला त्याच जागी, तितकेच सापळे तितकाच वेळ लावावे लागतात. आमिषही तेच हवं. तरीही सापळ्यात आलेले खेकडे म्हणजे ओढ्यातले सगळे खेकडे नव्हेत. कात टाकलेला खेकडा मऊ असतो, काही खात नाही, बिळातच बसतो. सापळ्यात येतच नाही. अंडी-पिल्लं असलेली मादीही कमी फिरते. एखादा दांडगा नर आधी आत शिरला की लहान खेकडे सापळ्याजवळ फिरकत नाहीत. मग नोंदवहीत नरच नर दिसतात आणि माद्या कमी झाल्याचा निष्कर्ष निघतो. म्हणून सापळ्याच्या जोडीला ठरावीक लांबीचा काठ घेऊन बिळं मोजावीत, दगड उलटून पाहावेत आणि ते पुन्हा होते तसेच ठेवावेत.

खेकडा हातात आला की कवचाची रुंदी कॅलिपरने मोजायची. समुद्री खेकड्यांत बाजूचे काटे धरून मोजलं की सोडून, हे वहीत लिहायलाच हवं. ते राहिलं तर दोघांचे आकडे जुळत नाहीत. मग खेकडा उलटा करायचा. पोटाखाली दुमडलेली पट्टी नराची अरुंद, कोवळ्या मादीची त्रिकोणी, वयात आलेल्या मादीची रुंद आणि गोलसर. नांगी तुटलेली असेल तर वजन आणि रुंदीच्या हिशोबात तो खेकडा घेऊ नये.

वय काढणं सर्वांत अवघड. माशाच्या खवल्यावर किंवा कानातल्या हाडावर वाढीच्या खुणा राहतात. खेकडा कवचच टाकून देतो. पाठीवर रंग लावला वा क्रमांक चिकटवला तर तो कातीबरोबर जातो. कात टाकताना कवच मागच्या बाजूला ज्या रेषेवर उघडतं, तिथून खूण आत स्नायूत बसवली तर टिकते, पण जखम चिघळून खेकडा दगावण्याचा धोका असतो. त्यामुळे बहुतेक वेळा महिन्यागणिक रुंदीचे गट पुढे कसे सरकतात, त्यावरूनच वाढीचा अंदाज बांधतात.

बेळगावच्या बाजारात घाट चढून आलेला समुद्री खेकडा घेतानाही यातलं थोडं उपयोगी पडतं. अमावास्येचा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ, असं घरोघरी म्हणतात. तिथी कोणतीही असो, मागच्या पायांच्या मुळाशी पोटाकडचं कवच दाबून पाहावं. दबलं तर नुकतीच कात टाकलेली असते, आत पाणीच जास्त. पट्टीखाली अंड्यांचा पुंजका असेल तर त्याचा रंग पाहावा: पिवळा-केशरी म्हणजे अंडी ताजी, काळपट म्हणजे आतल्या अळ्यांचे डोळे तयार झालेले, फुटायला थोडेच दिवस उरलेले.

ओढ्यावर रात्री मादी हाती लागली तर तीच पट्टी बोटाने अलगद उचलावी. आत अंडी वा पिल्लं दिसली की तिला त्याच बिळापाशी सोडावं. दुसऱ्या ओढ्यात नेऊन सोडू नये. तिथली जात वेगळी असू शकते.