खाजगी एफएमवर बोला, फक्त बातम्यांवर नको : एका अटीचा इतिहास

मराठीत दोन-दोन तासांच्या गप्पांचे पॉडकास्ट करून नाव आणि उत्पन्न दोन्ही मिळवणारी माणसं आता दिसू लागली आहेत. रेडिओचं नियमित केंद्र मात्र मुंबईत १९२७ पासून आहे. मग केवळ बोलण्याच्या बळावर, स्वतःच्या मतांसाठी ऐकला जाणारा मराठी रेडिओ सूत्रधार या सगळ्या वर्षांत का घडला नाही? याचं उत्तर बरंचसं परवान्यातल्या एका अटीत आहे.

आकाशवाणीच्या काळाबद्दल फार लिहायला नको. निवेदक आवाजचाचणी देऊन आत येई, हंगामी असेल तर महिन्यातल्या मोजक्या ड्युट्यांवर त्याचं भागे. भाषण, श्रुतिका, कामगारांचे आणि गृहिणींचे कार्यक्रम यांचे शब्द बहुधा आधी कागदावर उतरत. १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. त्यातून पैसा आला, निवेदकाला मतं बाळगायची मुभा आली नाही. त्याचा आवाज घराघरात ओळखीचा असे, पण तो बोले संस्थेच्या वतीने.

१९९३ मध्ये मुंबई आणि दिल्लीत सरकारी एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना विकत दिले गेले. पडद्यामागून हसणारा, हिंग्लिश बोलणारा, मध्येच ‘काय मग मुंबई’ म्हणणारा नवा आवाज तिथे रुजला. १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्यानंतर खाजगी केंद्रांचा मार्ग मोकळा होणार हे स्पष्ट होतं. खाजगी एफएम परवान्यांच्या पहिल्या फेरीत ४० शहरांतल्या १०८ वाहिन्या लिलावात निघाल्या. परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारं होतं, त्यामुळे बोली लावणाऱ्या अनेकांनी काढता पाय घेतला आणि शेवटी १२ शहरांत २१ वाहिन्या उरल्या. बंगळूरला २००१ मध्ये सुरुवात झाली, मुंबईला २००२ मध्ये.

याच परवान्यात ती अट होती : बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येणार नाहीत. २००५ मधल्या दुसऱ्या फेरीत पैशाचं गणित बदललं. दरवर्षीच्या वाढत्या शुल्काऐवजी एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नातला ४ टक्के वाटा आला. केंद्रं भराभर वाढली, महाराष्ट्रातल्या दुसऱ्या फळीच्या शहरांतही पोचली. अट तशीच राहिली.

ती नेमकी कुठवर लागू होते हे बराच काळ कोणालाच धड सांगता येत नव्हतं. बातमी म्हणजे बातमीपत्र, हे समजत होतं. पण ‘चालू घडामोडी’ कुठे सुरू होतात? लोकल बंद पडली हे सांगायचं की नाही? सांगितलं तर ती का बंद पडली, हे विचारायचं की नाही? २०११ च्या तिसऱ्या फेरीच्या धोरणात सरकारने याला उत्तर म्हणून एक यादीच दिली. वाहतूक आणि हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, खेळांविषयीची माहिती आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज-पाणी, आपत्ती, आरोग्यविषयक सूचना हे सगळं ‘बातमी नाही’ असं मानलं जाईल, असं ठरलं. आकाशवाणीचं बातमीपत्र हवं असेल तर एका अक्षराचाही फरक न करता लावता येईल, अशीही सोय केली.

यादी वाचताना दिलदार वाटते. पण ‘प्रशासनाने दिलेल्या’ या दोन शब्दांत सगळं आलं. उद्या दादरला पाणी येणार नाही, हे महापालिकेने कळवलं तर आरजेने, म्हणजे रेडिओ जॉकीने, सांगावं. जलवाहिनी या वर्षी वारंवार का फुटते, हा प्रश्न तज्ज्ञाला फोनवर घेऊन विचारायचा तर तो चालू घडामोडींत शिरला की काय, या भीतीने प्रोड्यूसरच हात आखडता घेणार. परवाना कोट्यवधींचा, धोका कोण पत्करेल? २००७ पासून मराठीत चोवीस तास बातम्यांच्या टीव्ही वाहिन्या चालू होत्या आणि तिथे रात्री नऊला कोणीही कोणावरही ओरडू शकत होतं, हे लक्षात घेतलं की ही अट आणखीच विचित्र वाटते. २०१३ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. इतक्या केंद्रांवर देखरेख ठेवायला यंत्रणा नाही आणि सुरक्षेचा प्रश्न आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. यंत्रणा नाही हे बंदीचं कारण कसं होतं, कोण जाणे.

या चौकटीत जे करिअर उभं राहिलं ते आरजेचं. दोन गाण्यांमधली लिंक आटोपशीर ठेवायची, मॉर्निंग शोला चुरचुरीत असायचं, रात्री प्रेमभंगाचे फोन घ्यायचे, अधूनमधून कोणाला तरी फोनवर गंडवायचं. त्यात कमालीची हुशार माणसं होती आणि त्यांनी शहरं बांधून ठेवली, हे नाकारता येत नाही. मुंबईत ही भाषा बहुतांशी हिंदी राहिली, मराठी चवीपुरती. आरजेच्या कारकिर्दीचा पुढचा टप्पा लग्नसमारंभातलं सूत्रसंचालन, जाहिरातींचे आवाज, पुरस्कार सोहळे. विचार मांडणारा म्हणून त्याला कोणी बोलावत नसे.

अपवाद घडला तो रेडिओबाहेर. जुलै २०१७ मध्ये मुंबईतल्या एका आरजेने खड्ड्यांवर मराठी विडंबनगीत केलं, त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून सर्वत्र फिरला. पालिकेतल्या सत्ताधारी नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीसही निघाली. ज्याने शहर हललं तो मजकूर समाजमाध्यमांवरचा होता.

त्याआधीच्या वर्षी मोबाइल डेटा कवडीमोल झाला होता. पॉडकास्टला ना लहर लागते, ना लिलाव, ना गाणी. पहिली चार-दोन वर्षं त्यात कोणाला पैसे दिसले नाहीत. कॅमेरा लावून तेच यूट्यूबवर टाकायला लागल्यावर जाहिरातदार आले आणि निवडणुका जवळ येताच नेतेही समोरच्या खुर्चीत येऊन बसले. आरजेला जो प्रश्न विचारता येत नव्हता, तो इथे कोणीही विचारू शकतं. अर्थात विचारतातच असं नाही. पाहुणा मोठा असला की प्रश्न नरम होतात, आणि त्याला कुठलीही अट कारण नसते.

हा मोकळेपणाही निर्धास्त नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑनलाइन बातम्या आणि चालू घडामोडींसाठी आचारसंहिता आली. तीच शब्दजोडी पुन्हा. त्यातल्या दोन उपकलमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. पुढे प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यात स्वतंत्रपणे बोलणाऱ्या माणसांनाही प्रसारक ठरवण्याची तरतूद असल्याची ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो मसुदा मागे घेण्यात आला. एफएमचं म्हणाल तर, दर तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींना मुभा द्यावी अशी शिफारस ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. पुढच्याच ऑगस्टमध्ये २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल असं सांगण्यात आलं. त्या घोषणेत दहा मिनिटांचा विषय नव्हता.