पार्श्वभूमी : सिॲटलचा १९०९ चा नकाशा

शहर वाढलं की जुन्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, काळा रंग वाढतो. रस्ते, रूळ, घरं, माणसाचा सगळा पसारा काळ्यात, पाणी निळं, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी. तपकिरी रेषांना सहसा कोणी हात लावत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिॲटलकरांनी लावला.

यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, १८७९ मध्ये स्थापन झाली. १८८४ मध्ये तिचे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांनी सबंध देशाच्या नकाशाचा घाट घातला. सर्वेक्षक तिपाईवर प्लेन टेबल, म्हणजे नकाशा काढायचा सपाट पाट, मांडायचे आणि समोरचा डोंगर बघत जागच्या जागी रेषा काढायचे. सिॲटलचा १९०९ चा नकाशा १:६२,५०० चा आहे. एक इंच म्हणजे जवळजवळ एक मैल.

पण शहराला थांबायची सवयच नव्हती. १८८० मध्ये साडेतीन हजार वस्तीचं गाव. १८९३ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आली, १८९७ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याची बातमी आली, आणि १९१० च्या जनगणनेत आकडा निघाला २,३७,१९४.

वाढीच्या वाटेत डेनी हिल उभी होती. घोडागाड्यांना तिचा चढ झेपेना. शहर अभियंता आर. एच. थॉमसन यांनी टेकडीच काढायचं ठरवलं. मोठाल्या नळांतून पाण्याचा जोरदार मारा करून माती खाली इलियट बे या खाडीत लोटून दिली. ज्या मालकांनी जागा खोदू दिली नाही, त्यांची घरं आजूबाजूची जमीन गेल्यावर मातीच्या सुळक्यांवर उंच टांगून राहिली. त्या काळच्या फोटोंत ती दिसतात. हट्टाला इतका उंच पुतळा क्वचितच मिळतो! नकाशा छापला गेला तेव्हाही हे काम चालूच होतं. उरलेली टेकडी १९३० पर्यंत गेली.

निळ्या रंगाचंही तेच झालं. जहाजांच्या कालव्यासाठी १९१६ मध्ये लेक वॉशिंग्टनचं पाणी युनियन लेकच्या पातळीला आणलं. सरोवर सुमारे नऊ फूट उतरलं. काठावरचे धक्के कोरडे पडले. दक्षिण टोकाला सरोवरातून निघणारी ब्लॅक रिव्हर आटली. तिच्या काठी दुवामिश या मूळनिवासी लोकांची जुनी वस्ती होती. शहराला ज्यांचं नाव आहे, ते सरदार सिआल्थ याच दुवामिशांचे. १९०९ मध्ये नकाशा निघाला तेव्हा ती नदी अजून सरोवरातून निघत होती आणि दुवामिश नदीकडे वाहत होती.